एका बटणाचं घर

थांबवा टाळ. गजर झाला, देवाच्या कानावर गेला. आता तुमच्या कानांकडं वळतो.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, कारण तुमचं लगेच दिलेलं उत्तर मला माहीत आहे! प्रश्न असा — एखाद्या गोष्टीची किंमत करायची, तर मोजायचं काय? जे डोळ्यांना दिसतं ते? की ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं ते?

हे पुढचे काका म्हणतायत, 'दोन्ही.' काका, दोन्ही म्हणणारा माणूस सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. इथं एकच सांगायचं! राहू दे. आख्यान संपल्यावर सांगा.

आज आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, कुणाला शाप नाही, कुणाला वर नाही. आज आख्यान — घरातल्या वायरिंगचं! हसा, हसा. पखवाजवाले, तुम्हीसुद्धा हसा, तुमच्या घराचं काम निघालंय म्हणून ऐकलं मी. तुम्ही तर कान देऊन ऐका.

मोरदऱ्यात रामचंद्र उबाळे नावाचे गृहस्थ. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं नोकरी. स्टोअरकीपर! म्हणजे काय? तर कुणी चार नट मागितले की तीन द्यायचे आणि जुने चार परत घ्यायचे. माणूस वाईट नाही हो. सुपारीचं व्यसन नाही, कुणाच्या एका पैशाला हात लावला नाही. पण मोजायची सवय! देवळात आले तर घंटा किती वेळा वाजली ते मोजतील. माझं कीर्तन ऐकून एकदा मला म्हणाले, 'बुवा, आज तुम्ही सतरा वेळा खोकलात.' आता याला श्रोता म्हणायचं की तपासणीस?

त्यांच्या मंडळी शालनवहिनी. एकतीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार केला. क्वार्टरचं स्वयंपाकघर कसं असतं माहीत आहे ना? छताच्या मधोमध एक बल्ब, आणि ओटा भिंतीला. बाई ओट्याकडं तोंड करून उभी राहिली की दिवा पाठीमागं. सावली पडते कुठं? परातीत! एकतीस वर्षं त्या बाईनं स्वतःच्या सावलीत भाकरी थापली. मीठ किती पडलं, पिठात काय पडलं, भाकरी करपली का — सगळं हातानं आणि वासानं. कधी तक्रार नाही. क्वार्टर कारखान्याचं, भिंती कारखान्याच्या, मागायचं कुणाकडं?

नाना रिटायर झाले. फंड आला. मोरदऱ्यात स्वतःचं घर बांधायला काढलं. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, आणि प्रश्न आला वायरिंगचा. भाव विचारायला नाना बाहेर पडले.

आणि मंडळी, तुम्हाला म्हणून सांगतो — लग्न जमवणं सोपं, वायरिंगचा भाव समजणं अवघड! पहिला ठेकेदार आला, तो फुटावर भाव सांगणारा. घराचे चौरस फूट किती, त्याला इतके रुपये. टेप काढला, खोल्या मोजल्या, पडवी मोजली, जिना मोजला, मग अंगणात गेला आणि लिंबाच्या झाडाची सावली मोजायला लागला. नाना म्हणाले, अहो, झाडाला कुठं वायरिंग करायचंय? तो म्हणाला, 'उद्या गणपतीला माळ लावाल ना?' गेला तो.

दुसरा आला. माल तुमचा, मजुरी माझी, असं बोलणारा. मालाची यादी दिली. त्या यादीत इतकी वायर की नानांनी स्टोअरकीपरच्या डोक्यानं हिशेब घातला — तेवढ्या वायरीत मोरदरे ते कारखाना एक फेरी होत होती. विचारलं, एवढी वायर कशाला? म्हणाला, 'वाकणात जाते.' गेला तोही.

तिसरा फार हुशार. तो काही मोजायचाच नाही. बसायचा, चहा यायची वाट बघायचा. चहा स्टीलच्या ग्लासात आला तर एक भाव, कपबशीत आला तर दीडपट, सोबत काजूची बिस्किटं आली तर दुप्पट! नानांना हे कळलं. त्यांनी नुसतं पाणी दिलं. तो म्हणाला, 'मी गरिबाघरची कामं घेत नाही,' आणि उठून गेला.

राहिला चौथा. जालिंदर पांचाळ. जालू मिस्त्री. याची ओळख नीट करून देतो, कारण माणूस सरळ आहे. जालूची भाव सांगायची रीत निराळी. तो म्हणतो, वायर भिंतीत जाते, पाइप भिंतीत जातो, माझी मेहनतही प्लास्टरखाली गाडली जाते. ते घरमालकाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे मागितले की माणसाला आपण फसलो असं वाटतं. मग दिसतं काय? बटण! तर वायर, पाइप, खोदाई, मजुरी, अर्थिंगचा खड्डा, सगळं त्या बटणावर चढवायचं. बटणाला सातशे रुपये, मालासकट. काम झालं की मालकानं स्वतः फिरावं, भिंतीवरची बटणं मोजावी, सातशेनं गुणावं, विषय संपला. वीस वर्षं तो असाच भाव सांगत आला. एक भांडण नाही.

आणि त्याची दुसरी एक रीत. भाव सांगायच्या आधी तो घरभर खडू घेऊन फिरतो. पुरुषाला काही विचारत नाही. घरातल्या बाईला विचारतो — काकी, उभ्या कुठं राहणार? ओट्यापाशी उभ्या राहा बरं. पाठीमागं बॅटरी धरतो, सावली कुठं पडते ते बघतो, आणि जिथून उजेड यायला पाहिजे तिथं भिंतीवर फुली मारतो.

शालनवहिनी त्या कच्च्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. जालूनं बॅटरी धरली. सावली पडली ओट्यावर. जालू म्हणाला, 'काकी, दिवा इथं पाहिजे, डोक्याच्या पुढं.' आणि त्या बाईनं एकतीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासमोर काहीतरी मागितलं. म्हणाल्या, 'मला बाकी काही नको. तेवढा दिवा पाहिजे.'

काय मागितलं हो? पाटल्या? चारधाम? एक दिवा! चाळीस रुपयांचा बल्ब!

दिवे, पंखे, प्लग धरून घरभर फुल्या झाल्या अठ्ठावीस. फुलीला एक बटण. अठ्ठावीस गुणिले सातशे? बोला! शाळेत कोण गेलंय इथं? एकोणीस हजार सहाशे. शाबास. नानांनी तो आकडा ऐकला आणि अंगातला स्टोअरकीपर जागा झाला. त्यांनी बादलीत फडकं बुचकळलं. जालू पुढं फुल्या दाखवत चाललाय, नाना मागून पुसतायत! जिन्यातला दिवा — पुसला, जिना काय रोज हलतोय? पडवीतला — पुसला, पडवीत बसायचंच दिवसा. ओट्यावरचा — पुसला. मधोमध आहे की एक. शालनवहिनींनी खडू घेतला आणि ती फुली परत मारली. नानांनी पुसली. वहिनींनी मारली. असं तीनदा झालं. जालू शेवटी म्हणाला, 'काका, अंधारातच राहायचं असेल तर तेवढं काम मी फुकट करून देतो.'

नाना त्या दिवशी गप्प बसले. पण गप्प बसलेला कंजूष म्हणजे — हे मी सांगत नाही, तुम्ही ज्यांच्या शेजारी बसलाय त्यांना विचारा!

दुसऱ्या दिवशी नानांनी जालूला मारुतीच्या देवळात आणला. मी तिथंच होतो. नाना गोड आवाजात म्हणाले, बुवा साक्षीला आहेत, मारुती साक्षीला आहे. तुझा भाव परत एकदा सांग. जालूला वाटलं, काकांना पटलं. छाती पुढं काढून म्हणाला, 'बटणाला सातशे. मी वायर मोजत नाही, पाइप मोजत नाही, दिवे मोजत नाही. बटण मोजा, पैसे द्या.' नानांनी विचारलं, फिरणार नाहीस ना? जालू म्हणाला, देवासमोर बोललोय. नानांनी मारुतीला नारळ फोडला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, हा माणूस साधा नारळ फोडणारा नाही!

तीन दिवस नानांनी विचार केला. तीन दिवसांत अन्नावर लक्ष नाही. चौथ्या दिवशी जालूला बोलावलं आणि म्हणाले, 'जालिंदर, तुझ्या सगळ्या फुल्या मंजूर! जिन्यात दिवा लाव, पडवीत लाव, हिच्या ओट्यावर लाव. पंखे पाच लाव, दारावर घंटा लाव, बोअरची मोटर जोड, फ्रिज जोड. मनाला येईल तेवढं लाव. पण बटण — एक.'

मंडळी, समजलं का? सगळ्या घराला मिळून एकच बटण! भाव बटणाला, तर बटणच एक! एकोणीस हजार सहाशेचं काम किती रुपयांत? सातशे!

जालू आधी हसला. मग त्यानं नानांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि हसायचा थांबला. म्हणाला, काका, नुसती वायरच चौदा हजारांची जाईल. नाना म्हणाले, वायर आपण मोजत नाही. जालू म्हणाला, एका बटणावर एवढा भार टाकला तर ते जळून जाईल. नाना म्हणाले, मग मोठं बटण लाव, सातशेत. भांडण पेटलं. नानांच्या अर्धवट बांधलेल्या पडवीत पाचसहा माणसं जमली. आणि निवाडा करायला बोलावलं कुणाला? मला! साक्षीदार मी ना.

आता खरं सांगतो, खोटं बोललो तर या गळ्यातल्या वीणेची तार तुटेल. मला त्या वेळी मजा वाटत होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत, चहा आलाय, गादी घातलीय. मी चहाचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, 'जालिंदरा, देवासमोर दिलेला शब्द म्हणजे शब्द.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काय निवाडा केला आपण!

जालूनं हत्यारांची पिशवी उचलली आणि कामाला लागला. वीस वर्षांचं नाव होतं ना बिचाऱ्याचं. पदरची वायर घालून त्यानं अख्खं घर जोडलं, आणि सगळ्याला मिळून जे एक बटण बसवलं, ते कसलं? पिठाच्या गिरणीला असतो ना, तो लोखंडी पेटीचा खटका! दांडी धरून खाली ओढायची, धाडकन आवाज. ती पेटी बसवली नानांच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. पंख्याला वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर? नाही, तोही बटणातच मोजला गेला असता. घंटेला बाहेरून दाबायचं बटण? तेही नाही! मग घंटा वाजणार कशी? खटका ओढला की वाजणार! आणि खटका वर करेपर्यंत वाजतच राहणार!

वास्तुशांत ठरली. आता ऐका मजा.

देवघर आतल्या बाजूला, अंधारं. गुरुजी बसले, होम पेटला. गुरुजी म्हणाले, पोथी दिसत नाही, दिवा लावा. नानांनी मोठ्या ऐटीत दांडी ओढली. धाड! चौदा दिवे लागले, पाचही पंखे पूर्ण वेगानं सुटले, दारावर घंटा सुरू, अंगणात मोटर सुरू! होमातली राख उडाली ती गुरुजींच्या दाढीत. अक्षता उडाल्या, सुपारीचा गणपती घरंगळत पाटाखाली गेला. गुरुजी ओरडले, बंद करा! धाड — बंद. राख खाली बसली. पण पोथी दिसेना.

मग काय तोडगा निघाला? गुरुजी अनुभवी. म्हणाले, एकेक ओळ घेऊ. खटका चालू, की ओळ वाचून पाठ करायची. खटका बंद, की आहुती द्यायची. दोन तास! धाड — घंटा, वारा, ओळ. धाड — अंधार, स्वाहा! धाड — घंटा, वारा, ओळ. धाड — स्वाहा! नाना दांडीपाशी घामाघूम. यजमान म्हणून सोवळं नेसलेला माणूस गिरणीवाल्यासारखा दांडी ओढतोय! आणि प्रत्येक वेळी मोटर चालू होऊन टाकी भरून वाहायला लागली, ते पाणी जिन्यावरून उतरलं, आणि पाहुण्यांच्या चपला अंगणातून निघाल्या गावाकडं. माझी डावी चप्पल मला दुसऱ्या दिवशी शाळेपाशी सापडली.

सगळा गाव महिनाभर हसला. मीही हसलो. तीन कीर्तनांत हा किस्सा सांगितला मी, टाळ्या घेतल्या! इथंच थांबलो असतो तर तुम्हीही हसत घरी गेला असता. पण मंडळी, हसणारे आपण सगळे त्या घराबाहेर होतो. आत कोण होतं?

नानांच्या लक्षात आलं की दांडी ओढली की विजेचा मीटर गरगर फिरतो. एक दिवा हवा म्हणून चौदा जळतात, मोटर पळते. मग त्यांनी वेळ ठरवली. संध्याकाळी सात ते साडेसात खटका चालू, बाकी बंद. फ्रिजमधलं दूध नासायचं, म्हणून फ्रिजमध्ये आता चपला ठेवायचे. बरोबर सात वाजता घंटा सुरू व्हायची, तर गल्लीतली माणसं घड्याळं लावायची त्यावर. चौदा दिव्यांचं नवं घर, आणि साडेसातनंतर आत रॉकेलची एक चिमणी, तीही नानांच्या पेपरापाशी!

आणि शालनवहिनी? मिळाला की त्यांना ओट्यावर दिवा! जालूनं अगदी फुली मारली होती तिथंच लावला. पण स्वयंपाकघर देवघरासारखंच आत, दिवसाही अंधारं, आणि तिथं पंखाही होता, एकाच खटक्यावर, पूर्ण वेगाचा. दिवा लागला की पंखा लागायचा, आणि गॅसची ज्योत विझायची. खटका बंद केला की गॅस पेटायचा, पण दिवा जायचा. म्हणजे त्या बाईला उजेड असला की चूल नाही, चूल असली की उजेड नाही. क्वार्टरमध्ये निदान सावली तरी होती हो. सावलीलासुद्धा दिवा लागतो. आता तीही नाही!

मला हे काही ठाऊक नव्हतं. मला कळलं ते असं. एके दिवशी दिवेलागणीला नानांचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो. जालूही आलेला. नाना रागानं लाल. म्हणाले, तीन दिवस घरात वीज नाही, खटका ओढला तर धाड होतं पण काही लागत नाही. वीजमंडळाचा लाइनमन येऊन गेला, खांबावर सगळं ठीक आहे म्हणाला. हा जालिंदर शब्दात अडकला म्हणून त्यानं सूड घेतलाय, बुवा, तुम्ही साक्षीदार आहात, निवाडा करा!

जालूनं लोखंडी पेटी उघडली. आतले चिनी मातीचे दोन्ही फ्यूज गायब! त्यानं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं. म्हणाला, 'काका, हे काम माझ्या भावात बसत नाही. काकींना विचारा.'

शालनवहिनी चहा घेऊन आल्या. चिमणीच्या उजेडात त्यांनी कप पुढं केला, आणि मला त्यांचं मनगट दिसलं. तव्याच्या काठाचे डाग. एक जुना, काळा पडलेला. दोन ताजे. मी विचारलं, वहिनी, हे काय? त्या म्हणाल्या, 'अंधारात तवा कुठं संपतो ते कळत नाही.'

मंडळी, मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, अहो, मला आधी सांगायचं होतं. तेव्हा त्या बाईनं माझ्याकडं सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, 'बुवा, तुम्ही निवाडा दिलात तेव्हा मी इथंच होते. चहा मीच आणला होता. तुम्ही कप घेतलात, शब्द म्हणजे शब्द म्हणालात. त्या दोघांना विचारलंत. चूल कोण पेटवणार, ते विचारलं नाहीत.'

एवढी वर्षं कीर्तनं करतोय, माणसात देव बघा म्हणून घसा कोरडा करतोय, आणि देव कप घेऊन समोर उभा होता तर मी कप घेतला! लाज वाटली मला. आज सांगतानाही वाटतेय.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, आम्हीही मागून. त्यांनी तांदळाचा डबा उघडला, त्यातून दोन फ्यूज काढले आणि मुठीत धरले. नाना म्हणाले, अगं, दे इकडं. त्या म्हणाल्या, 'देते. पण सगळ्यांनी भाव सांगितले, आता माझा ऐका. एका बटणाला एक भाकरी. तुम्ही थापायची, तुम्ही भाजायची, अशाच अंधारात. तुम्हाला जेवढी बटणं लागतील, तेवढ्या.'

नानांना वाटलं, स्वस्तात पडतंय! पीठ घरचं! हसत उठले, बाह्या वर केल्या. चिमणी वहिनींनी बाहेर नेऊन ठेवली. आत आम्ही चौघं उभे, दिसत कुणी कुणाला नाही, गॅसची तेवढी निळी ज्योत. पाणी जास्त पडलं, मग पीठ जास्त पडलं, मग पुन्हा पाणी. थापतायत की भिंतीला मारतायत कळेना. कडेनं जालूचं दाबलेलं हसू ऐकू येतंय. भाकरी उचलली, तव्यावर टाकली — अर्धी तव्यात, अर्धी ओट्यावर! ती सरळ करायला नानांनी हात घातला.

आणि किंचाळले नाहीत हो. नुसता श्वास आत ओढला. आम्ही सगळ्यांनी ऐकला तो. मनगट भाजलं.

मग अंधारातून नानांचा आवाज आला. 'शालन, हे रोज?'

त्या म्हणाल्या, 'दोन वेळा.'

तो एकतीस वर्षं नट मोजलेला माणूस, ओट्याला टेकून खाली बसला. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि दिसलं नाही ते बरं झालं. जालूचं हसू थांबलं. वहिनी पुढं झाल्या, त्यांनी हात धरून नवऱ्याला उठवलं आणि मनगटावर पाणी ओतलं. कसं सापडलं मनगट अंधारात? त्यांना सवय होती!

नाना जालूला म्हणाले, लाव बटणं. जालूनं विचारलं, किती लावू? नाना म्हणाले, 'तिला विचार.'

वहिनींनी चिमणी आत आणली आणि खडू मागितला. आम्हाला वाटलं, ओट्यापाशी जातील. त्या गेल्या दारापाशी! म्हणाल्या, आधी ही घंटा बंद करा, डोकं उठलंय माझं. मग ओटा. मग जिना. मग नाना पेपर वाचतात तो कोपरा. एकेक करत फुल्या अठ्ठावीस झाल्या. मागून पुसायला कुणी आलं नाही. नवं प्लास्टर फोडावं लागलं, जालूनं त्याचे वेगळे मागितले नाहीत, शब्द बटणाचा होता म्हणाला. नानांनी पैसे पूर्ण दिले, मोजले मात्र तीनदा! सवय आहे हो, ती कुठं जाते.

झालं आख्यान. काका, तुम्ही उत्तर देणार होता ना? राहू द्या. आता मी तुम्हालाच मोजतो.

तुम्ही मगापासून हसताय नानांना. केवढा कंजूष, केवढा वेडा! बरोबर? आता माना वर करा. वर बघा सगळ्यांनी. या मंडपात ट्यूब किती? मी चाल लावताना मोजल्या. बावीस. माझ्या डोक्यावर हॅलोजन दोन, त्यातला एक नुसत्या माझ्या फेट्यासाठी. कमानीवर माळा किती त्या वेगळ्याच. मंडपवाल्यानं भाव कसा केला? ट्यूबमागं. तुम्ही त्याला लावायला कुठं सांगितलं? जिथं पाहुणे बसतात, जिथं फोटो निघतो.

आणि या मंडपाशेजारच्या शाळेच्या मागं, भिंतीपलीकडं, तुम्हा पाचशे माणसांचा महाप्रसाद शिजतोय. येताना मी तिकडून आलो. तिथं बल्ब आहे एक, तोही खांबाच्या पलीकडं. दोन बाया मोबाइलची बॅटरी पेटवून कढईत बघत होत्या. एक जण तोंडात धरून बघत होती, कारण हात दोन्ही गुंतलेले. तुमच्यातल्याच कुणाची तरी आई असेल, कुणाची बायको असेल. मी विचारलं नाही कुणाची. तुम्ही ओळखा.

अहो अध्यक्ष, फेटा नीट करू नका, उठा. तुम्ही उठा, तुमच्या शेजारचे उठा. शिडी आहे तिथं. हे दोन्ही हॅलोजन काढा, वायर लांब करा आणि तिकडं न्या. ट्यूबही उतरवा त्यातल्या दहाबारा. माझी काळजी नको, मी अंधारात बोलतो, माझं तोंड काही बघण्यासारखं नाही. विणेकरी, तारेवरचं बोट काढा. टाळकरी, थांबा. गजर आत्ता नाही.

आधी भिंतीपलीकडं जाऊन त्यांना विचारून या — नीट दिसतंय का? त्या 'हो' म्हणू देत. मग देवाचं नाव घेऊ.